वाचकांचे प्रश्न : उतराई कसे व्हावे?

सुगीच्या उपकारस्तुतीच्या उपासना आपल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नुकत्याच पार पडल्या. त्यामुळेच असेल, या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे देवाचे उपकार आणि ते स्मरून आयुष्यभर त्याच्याशी विश्वासू राहणे याच विषयाची आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेप्रमाणे नावे वगळली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील भीती मी अनेक घरांमध्ये पाहिली आहे आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच उपकार मानायला परतला, तो वृत्तान्त मात्र मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. सुगीच्या रविवारी तो बहुतेकांनी ऐकलेला असणार.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा मुलगा अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी देवाला वचन दिले की हा वाचला तर याला तुझ्या सेवेसाठी देईन, एकही रविवार चुकवणार नाही आणि कमाईचा दशमांश कधी मागे ठेवणार नाही. मुलगा वाचला. आज तो पुण्याला अभियांत्रिकी शिकतो आहे आणि पाळक होण्याची त्याची मुळीच इच्छा नाही. माझी नोकरी पाळ्यांची असल्यामुळे महिन्यातून एक-दोन रविवार चुकतातच. घराचा हप्ता सुरू झाल्यापासून दशमांशही पूर्ण देता आलेला नाही. माझी थोरली जाऊ म्हणते की नवस फेडला नाही तर देव दिलेले परत घेतो. मुलाला साधा ताप आला तरी माझी रात्रीची झोप उडते. मी काय करावे? — एक भगिनी, श्रीरामपूर

उत्तर : ताई, आधी तापाविषयी लिहितो, मग वचनाविषयी. मुलाला ताप आला तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करावी. आपल्या वहीत कोणती बाकी राहिली म्हणून हा ताप आला, याचा शोध घेत बसू नये. ज्याने आपल्या स्वतःच्या पुत्रालाही राखून ठेवले नाही तो आपल्याला सर्व काही का देणार नाही, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात विचारतो. अशा देवावर दिलेला मुलगा थकबाकीसाठी उचलून नेल्याचा आरोप ठेवणे मला तरी जमणार नाही.

तुमच्या जाऊबाईंना मी दोष देत नाही. आपण सर्व याच मातीत वाढलो आणि आपल्या भाषेत नवस 'बोलतात' आणि नवस 'फेडतात'. फेडणे हे क्रियापद आपण कर्जासाठीही वापरतो. भाषेबरोबर तिचा हिशेबही नकळत घरात येतो आणि मग आपण बाप्तिस्मा झालेली माणसेही देवाला सावकाराच्या जागी बसवतो, म्हणजे लेकरू गहाण, प्रार्थना हे व्याज आणि हप्ता चुकला की जप्ती. पवित्र शास्त्रात नवस आहेत, हे खरे आहे. पण त्यांच्यामागचा देव असा नाही.

स्तोत्र ११६ एकदा सावकाश वाचा. ते लिहिणारा माणूसही मरणाच्या दारातून परतलेला आहे आणि तुमचाच प्रश्न विचारतो आहे, की परमेश्वराने केलेल्या इतक्या उपकारांचा मी उतराई कसा होऊ? आपली अपेक्षा अशी की आता तो देण्याच्या वस्तूंची यादी सांगेल. पण पुढच्याच ओळीत तो म्हणतो की मी तारणाचा प्याला उचलून घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. उतराई व्हायला निघालेला माणूस पुन्हा हात पुढे करून घेतोच आहे! लहानपणी आजीच्या हातचे जेवताना आपण तिचे ऋण फेडावे असे आपल्या मनात येत नसे. आपण ताट पुढे करून आणखी मागत असू आणि त्यातच तिला आनंद होई. स्तोत्रकर्ता नवस फेडण्याचेही बोलतो, पण प्याला उचलल्यानंतर, आणि तेही सर्व लोकांसमक्ष. हा क्रम उलटला की कृतज्ञतेची जागा भीती घेते, आणि तुमच्या पत्रात तो क्रम उलटलेला दिसतो.

तरीही, "तेव्हा तुमचे मन ठिकाणावर नव्हते, वचन सोडून द्या," असे मी सांगणार नाही. पवित्र शास्त्रातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात नवस फेडण्यास विलंब करू नये असे स्पष्ट आहे आणि 'उपदेशक' हे पुस्तकही तेच बजावते. मात्र अनुवादाच्या त्याच ठिकाणी आणखी एक वाक्य आहे, जे उपदेशांमध्ये क्वचितच ऐकू येते, ते म्हणजे नवस केलाच नाहीस तर तुला पाप लागणार नाही. देवाने तुमच्याकडे काही मागितले नव्हते. मुलाचा जीव हा सौदा नव्हता, तो तुम्ही बोलण्याच्या आधीपासून त्याच्या हातात होता. तुम्ही जे बोललात ते प्रेमाने आणि घाबरून बोललात, आणि त्या दोन्हींचा मेळ त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक चांगला कळतो.

संकटात सापडलेली माणसे असे नवस करतात, हे मोशेच्या नियमशास्त्राला चांगले ठाऊक होते. लेवीय पुस्तकाचा शेवटचा, सत्ताविसावा अध्याय याच विषयावर आहे. कोणी माणूस नवसाने परमेश्वराला वाहिला तर त्याच्या बदल्यात किती मोल द्यावे ते तेथे वयाप्रमाणे ठरवून दिले आहे, आणि पाच ते वीस वर्षांच्या मुलासाठी ते वीस शेकेल (शेकेल हे चांदी मोजण्याचे माप) आहे. तुमचा मुलगा त्याच वयोगटात होता. (वीस शेकेलचे आजचे रुपये किती, हे विचारणारे पत्र कृपया कोणी पाठवू नये.) मला त्या अध्यायातील आठवे वचन फार हळुवार वाटते. नवस करणाऱ्याला ठरलेले मोल देण्याची ऐपत नसेल तर त्याने याजकापुढे उभे राहावे आणि याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावे, असे तेथे सांगितले आहे. नवस रद्द होत नाही, पण पाळता येईल अशा आकाराचा केला जातो. तो आकारही माणूस रात्री अंथरुणात तळमळत एकटा ठरवत नाही, कोणाच्या तरी समोर बसून ठरवतो. तुम्हीही तसेच करावे. एखाद्या संध्याकाळी पतीला बरोबर घेऊन आपल्या पाळकांकडे जा, जे झाले ते सर्व सांगा आणि यापुढे काय जमेल ते कागदावर लिहून काढा. जेथे चुकले तेथे चुकले असे देवापुढे साध्या शब्दांत कबूल करा. कामाची पाळी असेल त्या रविवारची भर बुधवारच्या प्रार्थनासभेने होत असेल तर तसे लिहा. दहा टक्के आज जमत नसतील तर जे जमते ते ठरवा, पण ते पगार हाती येताच पहिल्यांदा बाजूला काढा, उरल्यातून नको. ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही, असे पौलाने करिंथकरांस लिहिले आहे.

आता मुलाविषयी. तुमच्या मनात, मुलगा झाला तर तो परमेश्वराला देईन असा नवस केलेली हन्ना असणार, हे उघड आहे. तिने आपल्या मुलाला, शमुवेलाला, वाहिले, मग मी का नाही? पण वृत्तान्त पुढे वाचा. हन्नाने मुलाला शिलोच्या मंदिरात नेऊन सोडले, हे तिच्या हातात होते. देवाची हाक मात्र त्याला एका रात्री, झोपेत असताना, त्याच्या स्वतःच्या नावाने आली. ती तीनदा आली आणि तिन्ही वेळा तो उठून तेथील याजक एली याच्याकडे धावला. त्या हाकेला उत्तर देणे ना हन्नाला शक्य होते, ना एलीला. तुम्ही आपले जे होते ते वाहिलेत, म्हणजे मुलावरचा आपला हक्क. त्याचे मन वाहण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता, आणि देवानेही तो स्वतःकडे घेतलेला नाही. तो आजही नावाने हाक मारतो आणि थांबतो. ती हाक संगणकासमोर बसलेल्या माणसालाही येऊ शकते, आणि ती आल्यावर तो पाळक होईल की प्रामाणिक अभियंता, हे त्या दोघांमध्येच ठरेल. केवळ आईच्या नवसाखातर ईश्वरविज्ञान शिकायला आलेले तरुण मी माझ्या सेवाकाळात पाहिले आहेत. काहींना तेथे आपला मार्ग सापडला, पण काही आयुष्यभर आईवर आणि देवावर रुसून राहिले. दवाखान्याच्या जिन्यावर काय घडले ते मुलाला एकदा अवश्य सांगा, पण घडलेली गोष्ट म्हणून सांगा, त्याच्या नावावर टाकलेले कर्ज म्हणून नव्हे.

मग तुमच्याकडे काय उरते? हन्नाकडे जे उरले तेच. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तिचे प्रसिद्ध उपकारगीत आहे, आणि पुढे येशूची आई मरीया हिच्या गीतात त्याचे पडसाद ऐकू येतात. त्याच अध्यायात, एलीच्या दुराचारी मुलांच्या हकिकतीमध्ये दडलेले, एक साधे वाक्य आहे. शमुवेलाची आई दरवर्षी एक लहानसा झगा तयार करी आणि वार्षिक यज्ञासाठी पतीबरोबर जाताना तो त्याच्यासाठी घेऊन जाई. मला स्वतःला गीतापेक्षा हा झगा अधिक मोलाचा वाटतो. गीत एकदा गाइले गेले, झगा मात्र दरवर्षी नवा लागत होता. मुलगा डोळ्यांसमोर नाही, गेल्या वर्षी तो खांद्याला लागत होता, आता किती उंच झाला असेल याचा अंदाज घ्यायचा, थोडे कापड आत दुमडून ठेवायचे, आणि दरवर्षी तो झगा बोटभर मोठा करायचा. पुढे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या असे तेथेच लिहिले आहे. म्हणजे घरातला पसारा वाढला, तरी शिलोला जाणारा झगा चुकला असे कोठे लिहिलेले नाही. तुम्ही जिन्यावर जे बोललात ते तुमचे गीत होते. आता मुलगा पुण्याला आहे. दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, दर महिन्याला त्याला एक पत्र किंवा निदान एक मोठा संदेश लिहा ज्यात अभ्यासाची चौकशी नसेल, आणि त्याच्या वाढदिवसाला अतिदक्षता विभागाबाहेर आजही बसलेल्या एखाद्या आईसाठी डबा घेऊन जा. यातले एकही काम मोठे नाही, आणि ती करायला तुम्हाला वीस-पंचवीस वर्षे मिळोत अशी माझी प्रार्थना आहे.

प्रश्न : काढणीला आलेले सोयाबीन यंदा पावसाने शेतातच कुजले. गेल्या वर्षी पत्नी वारली. अशा स्थितीत सुगीच्या उपकारस्तुतीला मला साक्ष देण्यासाठी उभे केले. मी उभा राहिलो, काही न बोलता खाली बसलो. नंतर मंडळीच्या एका वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांनी, मला बाजूला घेऊन सांगितले की सर्व गोष्टींबद्दल उपकार मानावेत अशी पौलाची आज्ञा आहे. जे वाटत नाही ते मी बोलावे काय? — एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : बोलू नये. भाऊ, त्या दिवशी तुमच्या मंडळीत दिल्या गेलेल्या साक्षींपैकी तुमची साक्ष खरी होती, असे मला वाटते.

थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की सर्व स्थितींत उपकारस्तुती करा. 'स्थितीत' आणि 'स्थितीबद्दल' यांत अंतर आहे. येथे कोणीतरी इफिसकरांस पत्र, अध्याय ५, वचन २० उघडून माझ्यापुढे धरील, कारण तेथे 'सर्वांबद्दल' असेच आहे. ते मला ठाऊक आहे. पण तोच पौल रोमकरांस सांगतो की रडणाऱ्यांबरोबर रडा, आणि त्याचा सहकारी एपफ्रदीत आजाराने मरणाला टेकला होता तेव्हाची आठवण सांगताना तो फिलिप्पैकरांस लिहितो की देवाने त्याच्यावर आणि माझ्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. ज्याने 'सर्वांबद्दल' लिहिले त्यानेच मित्राच्या संभाव्य मृत्यूला दुःख म्हटले, आशीर्वाद म्हटले नाही. त्याचे एक वचन त्याच्याच दुसऱ्या वचनावर दगडासारखे फेकणे योग्य नाही.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट पाहा असे सुचवतो. अंजीर फुलले नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचे उत्पन्न बुडाले, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. हा पंचनामाच आहे, आणि तलाठ्याच्या पंचनाम्यापेक्षा अधिक तपशीलवार आहे. त्यानंतर तो म्हणतो, "तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन." आपल्या मंडळ्यांना तो 'तरी' फार आवडतो आणि त्याच्या आधीचा पंचनामा ऐकायला वेळ नसतो. संदेष्ट्याने सहाही नुकसाने नोंदवल्याशिवाय 'तरी' उच्चारलेला नाही. तुमच्या नोंदी अजून पूर्ण झालेल्या नाहीत. सोयाबीनची झाली असेल, पत्नीची इतक्यात होणार नाही. तो शब्द तुमच्या तोंडी कधी यावा, हे मंडळीच्या वडिलांनी ठरवायचे नाही.

दुःख आणि कृतज्ञता एकाच आयुष्यात कशी राहतात, हे आपल्याकडेच पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडिलांबरोबर वणवण करताना त्यांनी वडील, आई आणि थोरली बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ गेला, आणि १८८२ मध्ये पती गेले तेव्हा त्यांच्या पदरात तान्ही मुलगी होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला, तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, अनाथ आणि विधवा मुलींना घेऊन आल्या. त्यांची संख्या सुमारे तीनशे होती, आणि केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार त्यातून झाला. आपल्या वाट्याला दुष्काळ आला म्हणून रमाबाईंनी देवाचे उपकार मानल्याचे मी कधी वाचलेले नाही. पण भूक म्हणजे काय हे त्या विसरल्या नाहीत, आणि ज्याने आपल्याला त्यातून काढले त्यालाही विसरल्या नाहीत. या दोन आठवणी एकत्र राहिल्या म्हणून दुसरा दुष्काळ आला तेव्हा त्या घरी बसल्या नाहीत. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात हेच नियम म्हणून सांगितले आहे की शेतात विसरलेली पेंढी उपरी (परका माणूस), अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्या, कारण मिसर (इजिप्त) देशात तुम्ही दास होता याची आठवण ठेवा. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्याचे काम रमाबाई आयुष्याच्या उत्तरार्धात करत राहिल्या. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली आणि दुसऱ्याच वर्षी त्यांचे स्वतःचे निधन झाले. त्यांच्या विश्वासूपणात शोकाला कधी सुट्टी मिळाली नव्हती.

हे तुमच्यापुढे उदाहरण म्हणून ठेवलेले नाही; यंदा तुम्ही कोणासाठी काही करावे अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. उलट माझे सांगणे तुमच्या मंडळीला आहे. पहिल्या उपजाची टोपली परमेश्वरापुढे ठेवताना इस्राएली माणसाने काय बोलावे हे अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात दिले आहे, आणि ते बोलणे पिकाच्या वर्णनाने सुरू होत नाही, 'माझा पूर्वज भटका अरामी होता' या कष्टांच्या आठवणीने सुरू होते. पुढे लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस) आणि उपरी यांनाही आनंदात सामील करून घ्यावे अशी आज्ञा आहे. त्या रविवारी वेदीपुढे ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या यांची रास लागली असेल आणि उपासनेनंतर नेहमीप्रमाणे तिचा लिलावही झाला असेल. लिलाव पुकारण्याआधी त्यातले एक पोते तुमच्या दारात पोहोचायला हवे होते, आणि तुम्हाला साक्ष मागण्याचा विचार त्यानंतर व्हायला हवा होता.

प्रश्न : आम्ही नवीन गाडी घेतली, पाळकांना बोलावून तिच्यासाठी प्रार्थना केली आणि 'देवाचा आशीर्वाद' असे लिहून तिचे फोटो स्टेटसला टाकले. एका मित्राने याला देवाच्या नावाखाली केलेला दिखावा म्हटले. देवाने दिलेले चारचौघांत सांगणे चूक आहे का? — एक तरुण, पिंपरी

उत्तर : सांगणे चूक नाही. वर उल्लेख केलेले स्तोत्र ११६ तर सर्व लोकांसमक्ष सांगण्याचीच भाषा करते. पण तुमच्या मित्राच्या बोलण्याने तुम्हाला टोचले आहे, नाहीतर हे पत्र आले नसते, म्हणून जुन्या करारातील यहूदाच्या हिज्कीया राजाची आठवण करून देतो.

हिज्कीया मरणोन्मुख आजारी होता. तो रडला, प्रार्थना केली आणि त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. बरा झाल्यावर त्याने रचलेले उपकारगीत यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे आणि ते अतिशय सुंदर आहे. त्यानंतर बाबेलहून (बॅबिलोनहून) दूत आले, ते त्याच्या आजाराची बातमी ऐकून आणि देशात घडलेल्या अद्भुत चिन्हाची चौकशी करण्यासाठी आले होते. म्हणजे देवाने काय केले हे सांगण्याची संधी दारात चालून आली होती. अशा वेळी राजाने त्यांना चांदी, सोने, सुगंधी द्रव्ये, उत्तम तेल, शस्त्रागार, सगळे भांडार फिरून दाखवले. त्यांनी काय पाहिले असे यशयाने विचारले तेव्हा तो म्हणाला की माझ्या घरात आहे ते सर्व पाहिले. त्या उत्तरात देवाचे नाव नाही, 'माझ्या' हा शब्द मात्र आहे. झालेल्या उपकाराप्रमाणे तो वागला नाही, त्याचे मन उन्मत्त झाले, असे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात याविषयी लिहिले आहे. ज्याने गीत लिहिले त्याच माणसाबद्दल हे लिहिले आहे, हे मला दर वेळी अस्वस्थ करते. कृतज्ञता शब्दांत मांडली म्हणजे ती आयुष्यभर टिकेलच असे नाही.

गाडीचा फोटो टाकला यात मला विशेष काही वाटत नाही. फोटो पाहणाऱ्याला काय कळले, देवाविषयी काही कळले की गाडीच्या मॉडेलविषयी, एवढे स्वतःला विचारा. आणि रविवारी सकाळी मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याला उपासनेला नेण्यासाठी त्या गाडीतील मागची सीट रिकामी ठेवता आली तर पाळकांनी केलेल्या प्रार्थनेचे चीज होईल. त्याचा फोटो नाही टाकला तरी चालेल.

प्रश्न : माझे वय ७८. गुडघ्यांमुळे मंडळीत जाता येत नाही. पूर्वी मी महिला मंडळात होते, रविवारच्या शाळेत शिकवीत होते, आता नुसती पडून असते. १९७२ च्या दुष्काळात आम्ही नवराबायको खडी फोडायला जात होतो, मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले, पण देवाने लेकरे जगवली. एवढे त्याने केले आणि आता माझ्याकडून त्याची काहीच सेवा होत नाही, याचे फार वाईट वाटते. — एक आजी, जालना

उत्तर : आजी, सलाम. तुमचे पत्र नातवाने लिहून दिले असे शेवटी लिहिले आहे. त्याचे अक्षर चांगले आहे, त्यालाही सलाम सांगा.

विश्वासूपणासाठी जुन्या करारात 'एमूना' हा हिब्रू शब्द येतो. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो 'आमेन' याच धातूपासून आलेला आहे. हा शब्द 'निर्गम' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात जेथे येतो तेथे तो कोणाच्या मनाविषयी नाही, हातांविषयी आहे. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा होता. त्याचे हात जड झाले, तेव्हा बरोबरच्यांनी एक धोंडा आणून त्याला त्यावर बसवले आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले. अशा रीतीने सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले, आणि तेथे 'स्थिर' या अर्थी हाच शब्द वापरलेला आहे. मोशे बसलेला होता, त्याच्या हातांत स्वतःचे बळ उरलेले नव्हते आणि ते दुसऱ्यांनी धरले होते, तरी शास्त्र त्याच्या हातांना स्थिर म्हणते. तुम्ही पूर्वी मंडळीत जे केले ते उभे राहून केले. आता बसण्याची वेळ आली आहे, आणि कोणाला तरी हात धरू देणे हेही तुम्हाला शिकावे लागेल, जे आयुष्यभर राबलेल्या बाईला जड जाते हे मला माझ्या आईवरून ठाऊक आहे. तुमच्या पाळकांना निरोप पाठवा की प्रभुभोजन घरी आणून द्यावे. ते मागण्यात संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

एक काम मात्र तुमच्याकडे आहे आणि ते दुसरे कोणी करू शकणार नाही. एकाहत्तराव्या स्तोत्रातील म्हातारा माणूस देवाला विनवतो की माझे केस पिकले तरी, पुढच्या पिढीला तुझे सामर्थ्य सांगून होईपर्यंत, मला सोडू नकोस. तुमच्या नातवाने बाहत्तरचा दुष्काळ फक्त पुस्तकात वाचला असेल. सुकडी कशी लागत होती, खडीच्या ढिगावर लेकराला कशात निजवत होता, पहिला पाऊस पडला त्या दिवशी घरात काय शिजले आणि तेव्हा कोणते गीत म्हटले, हे सारे त्याला सांगा. रोज पंधरा मिनिटे पुरे. त्याने ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि सवडीने उतरवून काढावे. आठवणी क्रमाने आल्या नाहीत तरी चालेल, आणि एखादी दोनदा आली तर त्याने ती दोनदा लिहावी. त्यातील दोन-चार पाने या सदरासाठी पाठवलीत तर पुढील अंकात जागा राखून ठेवतो.